चुलीचा खर्च आणि अल्प उत्पन्नाचे कुटुंब

थंड हवेच्या देशांत हिवाळ्यात घर उबदार ठेवणे हा कुटुंबाच्या खर्चातील एक मोठा भाग असतो. ज्यांना तो झेपत नाही त्यांना तेथील सरकारे मदत करतात. अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचे इंधनाचे बिल भरण्यास मदत करणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना हिवाळी इंधनभत्ता मिळू लागला. २०२४ साली तेथील सरकारने तो फक्त अगदी गरीब वृद्धांपुरता ठेवला, त्यावर एवढी ओरड झाली की २०२५ मध्ये बहुसंख्य वृद्धांना तो पुन्हा द्यावा लागला. म्हणजे घरातील उष्णता हा तेथे राजकारणाचा विषय आहे.

आपल्या जळगाव जिल्ह्याचे नाव उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. पंचेचाळीस अंशांची सवय असलेल्या जामनेरकराला घर तापवण्याची कल्पना ऐकून हसू येईल. परंतु पौषात कांग नदीच्या काठी पहाटे काय गारठा असतो हे ज्यांची घरे पत्र्याची आहेत त्यांना विचारावे. शिवाय घरातील उष्णता म्हणजे केवळ शेकोटी नव्हे. दोन वेळची भाकरी, लेकरांच्या अंघोळीचे पाणी, बाळंतिणीची शेकशेगडी, म्हाताऱ्या माणसाला कोमट पाणी, हे सारे त्यातच आले. म्हणून आपल्याकडे या प्रश्नाचे खरे नाव ‘चुलीचा खर्च’ असे आहे, आणि त्याला मदत कोठे, किती व कशा रीतीने मिळते याची माहिती आम्ही या लेखात देणार आहोत. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला या मदतीची शेवटची पायरी रोज दिसते. त्यामुळे योजनांच्या नावांपेक्षा पैसा प्रत्यक्ष हातात कसा येतो (किंवा येत नाही) यावर आम्ही अधिक बोलू.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. आपल्या तालुक्यात कापूस निघाला की पऱ्हाटी उपटण्याचे काम भूमिहीन मजुरांकडे येई आणि बऱ्याच ठिकाणी मजुरीचा काही भाग म्हणून पऱ्हाटीच मिळे. तुरीच्या तुराट्या, बाभळीची फांदी, गोवऱ्या यांची त्यात भर पडे आणि वर्षाचे जळण घराशेजारी रचून ठेवले जाई. आता ही व्यवस्था ढिली पडली आहे. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर साठवून ठेवू नये असा सल्ला कृषी खाते देते आणि अनेक शेतकरी यंत्राने तिचा भुगा करून जमिनीतच गाडतात. शेतीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याचे फुकटचे जळण त्याबरोबर गेले, याची नोंद कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आता त्याला एकतर लाकूड विकत घ्यावे लागते किंवा घरातील बाईला अर्धा दिवस हिंडावे लागते. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते ती कोणत्याच हिशेबात येत नाही.

धुराचे नुकसान वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे घरातील धुरामुळे होणाऱ्या आजारांनी दगावली. त्यात लहान मुलांचा न्यूमोनिया आहे आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या स्त्रियांचा दमाही आहे. ज्या बाईने कधी विडीला हात लावला नाही तिला डॉक्टर विडी ओढणाऱ्याचा आजार सांगतात, याचे कारण येथे आहे.

सरकारने यावर उपाय केले नाहीत असे नाही. १९८० च्या दशकात ‘निर्धूर चुली’ आल्या. धुराड्याची नळी चोंदली की त्या बंद पडत आणि बाई पुन्हा तीन दगडांकडे वळे. रेशनवरचे रॉकेल होते, त्याच्या रांगा आमच्या पिढीला चांगल्या आठवतात. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे ‘प्रधानमंत्री उज्ज्वला योजना’ सुरू झाली. तिच्यात गरीब घरातील प्रौढ स्त्रीच्या नावे अनामत रक्कम न घेता गॅस जोडणी देण्यात येऊ लागली. आठ कोटींचे उद्दिष्ट पूर्ण झाले तेव्हा शेवटची जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या शेजारच्याच औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. १० ऑगस्ट २०२१ पासून दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात शेगडी व पहिला भरलेला सिलिंडरही मोफत मिळू लागला.

सिलिंडर घरी आला म्हणजे चूल विझली असे मात्र झाले नाही. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाच्या एका ग्राहकाने वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले. चार-पाच माणसांचा पूर्ण स्वयंपाक गॅसवर केला तर एक सिलिंडर महिना-सव्वा महिना जातो, म्हणजे वर्षाला नऊ-दहा तरी लागतात. याचा अर्थ अर्ध्याहून अधिक स्वयंपाक अजून चुलीवरच होतो आहे. लोकांना गॅस नको आहे म्हणून असे होते, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. (वांग्याचे भरीत मात्र गॅसवर भाजू नये, त्याला पऱ्हाटीच्या काड्याच हव्यात, हे आम्हीही मान्य करू.)

खरे कारण पैशाच्या रूपात आहे. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ झाल्यावर मुंबईत १४.२ किलोच्या सिलिंडरची किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली. आपल्याकडे वाहतुकीमुळे थोडा फरक पडतो, हिशेबासाठी हाच आकडा धरू. उज्ज्वलाच्या ग्राहकाला त्यावर ३०० रुपयांचे अनुदान आहे. २०२५-२६ या वर्षासाठी ते नऊ सिलिंडरपर्यंत मंजूर झाले, त्याआधी ते बारापर्यंत होते. म्हणजे निव्वळ खर्च ५५२ रुपये ५० पैसे, रोजचे अठरा-एकोणीस रुपये. लाकूड विकत घेणाऱ्याला हा आकडा जड नाही. परंतु सिलिंडर दारात येतो त्या दिवशी ८५२ रुपये ५० पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि ३०० रुपये मागाहून खात्यात येतात. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. जवळजवळ तीन दिवसांची मजुरी एका दिवशी हातात हवी. मजुराच्या घरात पैसा रोज येतो व रोज जातो. लाकडाची मोळी त्या चालीशी जुळते, सिलिंडर जुळत नाही.

हा अडसर ओळखला तर उपायही दिसू लागतात. पहिला उपाय पाच किलोच्या लहान सिलिंडरचा. उज्ज्वलामध्ये १४.२ किलोच्या एका सिलिंडरऐवजी पाच किलोचे दोन घेण्याची सोय आहे आणि अनुदानही त्याच प्रमाणात मिळते. एका वेळी मोजावी लागणारी रक्कम तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास येते. एजन्सीवाले हे आपणहून सांगतीलच असे नाही, विचारावे लागते.

दुसरा उपाय बचत गटाचा. गटातील दहा भगिनींनी मिळून ३,००० रुपयांचा वेगळा निधी ठेवला तर प्रत्येकीला सिलिंडरच्या दिवशी ३०० रुपये उचल देता येईल आणि अनुदान खात्यात जमा झाले की ती परत घेता येईल. येथे कर्ज बुडण्याची भीती फारशी नाही, कारण परतफेडीचा पैसा आधीच ठरलेला आहे. फक्त एक पथ्य पाळावे. उचल देण्यापूर्वी त्या भगिनीच्या पासबुकात मागचे अनुदान खरोखर जमा झाले होते की नाही ते पाहावे. झाले नसेल तर प्रथम ती गाठ सोडवावी.

ही गाठ कशी पडते ते सांगतो. “भाऊ, गॅसचे पैसे आले का पाहा बरं,” असे म्हणत पासबुक पुढे करणारी एखादी मावशी रोज येते. एंट्री मारून पाहावे तर पैसे नाहीत. एजन्सी म्हणते बँकेत विचारा, बँकेत विचारले तर एजन्सीकडे बोट. यात बहुतेक वेळा कोणी पैसे खाल्लेले नसतात. सरकारी अनुदान आज खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावर जाते, आणि आधारला जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले त्यात ते जमा होते. मावशीने पहिले खाते जनधनमध्ये उघडलेले असते. पुढे बचत गटासाठी दुसरे, एखाद्या कर्जासाठी तिसरे, आणि मोबाईलचे सिमकार्ड घेताना अंगठा दिला तेव्हा कधीकधी चौथेही उघडले जाते. पैसा त्या चौथ्या खात्यात सुखरूप पडून असतो. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते तपासावे. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसते. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम पाच मिनिटांत करून द्यावे. ज्या खात्यात पैसे हवे आहेत त्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म भरून दिला की पुढचे पैसे तेथे येऊ लागतात.

दुसरे कारण झोपलेल्या खात्याचे. दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय समजले जाते आणि ओळखीची कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. यासाठी पैसे लागत नाहीत. सहा महिन्यांतून एकदा शंभर रुपये भरून किंवा काढून खाते जागे ठेवणे सर्वांत सोपे.

तिसरे, गॅस एजन्सीकडील ई-केवायसी. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी आता दर आर्थिक वर्षात एकदा अंगठा किंवा चेहरा पडताळून घ्यायचा आहे. तो एजन्सीत, सिलिंडर आणणाऱ्या माणसाकडे किंवा कंपनीच्या मोबाईल ॲपवर मोफत होतो. यासाठी कोणी शंभर-दोनशे मागत असेल तर देऊ नयेत.

जुन्या ग्राहकांच्या मनात अजून एक अढी आहे, तीही काढून टाकतो. पहिल्या टप्प्यात शेगडी व पहिल्या सिलिंडरची रक्कम अनेकांना कर्जाऊ दिली गेली होती आणि ती अनुदानातून वळती होत असे. त्यामुळे सुरुवातीला खात्यात काहीच आले नाही. पुढे २०२० च्या मध्यापासून मे २०२२ पर्यंत अनुदान जवळपास बंदच होते. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांसाठी २०० रुपये सुरू झाले व ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे ३०० झाले. “आम्हाला कधीच मिळाले नाही” म्हणून ज्यांनी नाद सोडला त्यांनी पासबुक पुन्हा एकदा भरून पाहावे.

आता पात्रतेविषयी. सुरुवातीला उज्ज्वलासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीत नाव लागत असे. एप्रिल २०१८ पासून अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे, अंत्योदयवाले, ग्रामीण घरकुलाचे लाभार्थी यांनाही दार उघडले. आपल्या समाजाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. तेव्हापासून केंद्राच्या योजनेतही आपण अनुसूचित जातीतच मोडतो. मात्र दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असेल आणि मूळ जातीचा उल्लेख नसेल तर केंद्राच्या कामात अडचण येऊ शकते. प्रांत कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढून ठेवलेला बरा, तो मुलांच्या नोकरीच्या अर्जालाही लागणारच आहे. अर्जदार स्त्री १८ वर्षांवरील हवी, घरात दुसरी गॅस जोडणी नको. अर्जासोबत रेशनकार्ड, घरातील प्रौढांची आधार कार्डे व तिचे बँक खाते एवढे लागते. कामासाठी सुरत किंवा नाशिकला गेलेल्या कुटुंबांना दुसऱ्या टप्प्यात पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालते, हे अनेकांना ठाऊक नसते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना’ जाहीर केली. उज्ज्वलाच्या ग्राहक स्त्रिया आणि ‘लाडकी बहीण’ योजनेस पात्र कुटुंबे यांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत, परंतु एका महिन्यात एकच, आणि जोडणी स्त्रीच्या नावावर हवी. सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलेली जोडणी बदलून घेणे म्हणूनच फायद्याचे. येथेही पैसे आधी भरायचे व नंतर खात्यात यायचे, अशीच रचना आहे. ही रक्कम किती दिवसांत येईल यावर हिशेब बांधून उसनवारी करू नये. बचत गटाच्या उचलीसाठी आम्ही फक्त तीनशेचाच विचार केला आहे तो याचमुळे.

विजेचा विषय थोडक्यात घेऊ, कारण थंडीत चुलीचे बरेचसे काम विजेकडे जाऊ लागले आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना महावितरणचा वेगळा, स्वस्त दर आहे. त्याला वर्षाला ३६० युनिटची, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटची मर्यादा आहे. आता बाजारातून दोन-तीनशे रुपयांचा पाणी तापवायचा रॉड आणला असे समजा. तो १,५०० वॅटचा असेल आणि रोज अर्धा तास लावला तर पाऊण युनिट जळते. महिन्याला साडेबावीस युनिट झाले! दिवा, पंखा, मोबाईल यांना उरले साडेसात. चार महिने रॉड चालला की वर्षाची मर्यादा सहज ओलांडते आणि ते घर पुढे सर्वसाधारण दरात जाते. त्या दरात महिन्याला १०० युनिटच्या वर गेलेल्या युनिटचा ऊर्जा आकार २०२४-२५ मध्ये पहिल्या शंभरच्या दुपटीहून अधिक होता. रॉड स्वस्त दिसतो तो दुकानात.

मग अंघोळीचे पाणी गॅसवर तापवावे काय? आम्ही तोही हिशेब करून पाहिला. एका माणसाला पंधरा लिटर पाणी, थंड पाण्याचे कोमट करायला साधारण पन्नास-साठ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांचे महिन्याला सहा-सात किलो, म्हणजे जवळपास अर्धा सिलिंडर पाण्यातच गेला. आमचे मत असे की स्वयंपाक गॅसवर करावा आणि पाण्यासाठी बंब किंवा चुलाणे अंगणात, मोकळ्या हवेत ठेवावे. काडीकचरा, तुराट्या तेथे खुशाल जाळाव्यात. घराच्या आत धूर नको, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले. बाहेर काळा रंग दिलेली पत्र्याची टाकी दुपारभर उन्हात ठेवली तर खानदेशच्या उन्हात संध्याकाळच्या अंघोळीला काहीच जाळावे लागत नाही. लहान मुलांना थंडीत संध्याकाळीच अंघोळ घालावी.

ज्यांच्या घरी अद्याप स्वतःचे मीटर नाही आणि शेजाऱ्याकडून तार ओढून दिवा लावला जातो त्यांच्यासाठी महावितरणने १४ एप्रिल २०२१ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ सुरू केली होती. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराने ५०० रुपये अनामत भरायची आणि तीही पाच हप्त्यांत, त्या जागेवर पूर्वीची थकबाकी नसावी, अशा तिच्या अटी होत्या. आज तिची मुदत काय आहे ते उपविभागीय कार्यालयात विचारावे व जातीचा दाखला बरोबर न्यावा.

बिल थकले तर घाबरून वायरमनला परस्पर पैसे देऊ नयेत. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. बिलाची रक्कम मान्य नसेल तर हरकत नोंदवून ती भरता येते, मग तंट्याचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची जी रक्कम मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नाही ती अचानक वसूल करता येत नाही. एकदम भरणे शक्य नसेल तर हप्त्यांसाठी लेखी अर्ज करून त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंतीची नोंद राहत नाही. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. गॅस गळती झाल्यास १९०६ वर कोणत्याही वेळी फोन करावा. हे दोन्ही आकडे शेगडीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत आणि त्यांच्या खाली मागचा सिलिंडर कोणत्या तारखेला लागला तेही लिहावे, म्हणजे पुढच्यासाठी पैसे केव्हा जमवायला लागायचे ते घरात सर्वांनाच दिसेल.